ऊन पाणी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये नळाखाली हात धरून तिच्याच नावानं बोटं मोडत उभी होते. बाहेर पाऊस नव्हता आणि ऊनही नव्हतं, बंगलोरचं ते नेहमीचं मळकट आभाळ होतं. नळाला येणारं पाणी गार म्हणता येत नव्हतं आणि गरम म्हणायची लाज वाटावी असं होतं. 'एकदा घरी ये तू, मग बघते तुझ्याकडे,' असं मी मोठ्यानं म्हणाले आणि तेवढ्यात फोन वाजला. माझा नवरा रघू रात्रभर हॉस्पिटलात तिच्यापाशी होता. 'मालू, अक्का गेली,' एवढंच म्हणाला. नळ तसाच वाहत होता.

दुपारी स्मशानातून माणसं परत आली. घरात शिरण्याआधी सगळ्यांना आंघोळी करायच्या होत्या आणि टाकीत पाणी होतं ते सकाळच्याइतकंच कोमट. मी गॅसवर पातेलं चढवलं, दुसऱ्या शेगडीवर कुकर चढवला, आणि तापेल तसं बादलीत ओतत राहिले. रघूचे मामा पंचा गुंडाळून रांगेत उभे होते. ते म्हणाले, 'जन्मभर सोलर सोलर करत राहिली पोरगी. आणि आज तिच्याच घरात तिच्या नावाची आंघोळ गॅसवरच्या पाण्यानं.' दोघंतिघं हसले. मलाही हसू आलं, आणि पाठोपाठ असा राग आला की हातातलं पातेलं आपटावंसं वाटलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. मला ती मोडायची नाही. पण महिना होऊन गेला तरी तो राग काही उतरत नाही, आणि त्याला वगळून अक्काबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, इंदू. तिला इंदू म्हणून हाक मारणारं माणूस मी पाहिलेलं नाही. धाकट्या भावापासून दारावरच्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांची ती अक्काच. माझं सासर बंगलोरचं आहे, तेही चारदोन पिढ्यांचं नव्हे. कुठल्याशा फौजेबरोबर कोणी पूर्वज इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं, असं घरात सांगतात. त्यांच्या मराठीत 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' येतं, 'बरं'च्या जागी 'सरी', 'उगीच'च्या जागी 'सुम्मने'. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा तोंडावर पदर घेऊन हसायची. अक्कानं एकदा ऐकवलं, 'हस की. तुझी मराठी पेठेतली, आमची पेटेतली. अष्टे.' इथल्या जुन्या बाजारपेठेच्या वस्तीला पेटे म्हणतात आणि अष्टे म्हणजे 'इतकंच'. पुण्याच्या माणसाला एका वाक्यात गप्प बसवणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही.

ती यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होती. लग्न केलं नाही, का केलं नाही ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं 'सुम्मने' असं उत्तर दिलं असतं. आम्ही सगळे तेव्हा बंगलोरच्याच शिवाजीनगरात बाजाराजवळ भाड्यानं राहायचो. मागच्या अंगणात एकच न्हाणीघर, ते आम्हाला आणि घरमालकांच्या कुटुंबाला मिळून. पाणी बंबात तापायचं आणि पाळीनं मिळायचं. मी शाळेत शिकवते, सकाळी लवकर घर सोडावं लागतं, आणि आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकाला हात लावायचा नाही हे माझ्या आईनं अंगात भिनवलेलं. त्यामुळे दारावर थापा पडत असताना घाईघाईनं चार तांबे अंगावर ओतून बाहेर यायचं, असं माझं लग्नानंतरचं सगळं आयुष्य गेलं. स्वतःच्या घराचं स्वप्न प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाला झोपाळा हवा असतो, कुणाला अंगणात मोगरा. मला सकाळी उठल्याबरोबर, कुणाला न विचारता, बादलीभर कढत पाणी हवं होतं. मी दुसरं काहीही मागितलेलं नाही, याला रघू साक्षी आहे.

नव्वद सालच्या आसपास अक्कानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि के. आर. पुरमच्या पलीकडे घेऊन ठेवलेल्या जागेवर घर बांधायचं जाहीर केलं. इथे प्लॉटला साइट म्हणतात. तिची साइट तीस बाय चाळीसची, चहूकडे माळ आणि मधूनमधून निलगिरी. 'घर सगळ्यांचं,' ती म्हणाली, 'पण नकाशा माझा. या घरात ऊन सगळी कामं करणार आणि करंट हात चोळत बसणार.' वीज तेव्हा रोज जायची, त्यामुळे बेत सगळ्यांना पटला. मला वाटलं, वर्षभरात आपण राहायला जाऊ. माझं लहानपण बांधकाम चाललेल्या गल्लीत गेलेलं, घरं कशी उठतात ते मला माहीत होतं. अक्का कशी बांधते ते माहीत नव्हतं.

ती आधी वर्षभर साइटवर नुसती बसली. हे मी वाढवून सांगत नाही. घडीची खुर्ची, छत्री, डबा आणि थर्मास घेऊन बसनं जायची, जमिनीत एक सरळ काठी रोवायची आणि तिची सावली जिथे पडेल तिथे चुन्याची रेघ ओढायची. थंडीतली सावली, उन्हाळ्यातली सावली, सकाळची, दुपारची. मी वैतागून विचारलं की सूर्य काय इथे वेगळा उगवतो का, तर म्हणाली, 'इथं मे महिन्यात दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं, ठाऊक आहे? सोलर घरांची पुस्तकं सगळी थंड मुलखातल्या लोकांनी लिहिलेली. त्यांचं बघून बांधलं तर भाजून निघू.' तिकडे शेजारच्या वस्तीत वेगळीच बातमी पसरली, की एक बाई एकटी येते, काठी पुरते, चुना टाकते, म्हणजे नक्की माटा करते. माटा म्हणजे करणी. एक दिवस तिच्या रेघांवर कुणीतरी कापलेलं लिंबू ठेवून गेलं. अक्कानं ते घरी आणलं आणि सरबत केलं. आम्ही कोणी प्यायलो नाही, ती दोन पेले प्यायली.

मग नकाशे सुरू झाले. जिना आणि बाथरूम पश्चिमेला, म्हणजे दुपारचं ऊन त्यांनी झेलावं आणि निजायच्या खोल्या थंड राहाव्यात. स्वयंपाकघर पूर्वेला. उत्तरेच्या खिडक्यांनासुद्धा रुंद छज्जे. छताजवळ दोरीनं उघडमिट होणारे झरोके, तापलेली हवा बाहेर जायला. स्लॅबच्या पोटात मंगळुरी कौलं. आणि भिंतींना विटा उभ्या लावायच्या, दोन विटांच्या मध्ये पोकळी ठेवून, म्हणजे बाहेरची उष्णता आत पोचत नाही. मुनियप्पा मेस्त्री हे ऐकून डोक्याचा रुमाल काढून बसला. पोकळ भिंत पडली तर लोक मला धरतील, तुम्हाला नाही, असं तो कानडीत तीनतीनदा सांगत होता. अक्कानं त्याला भिंतीचा एक तुकडा बांधायला लावला आणि त्यावर स्वतः चढून उभी राहिली. हे सगळं ऐकायला फार छान वाटतं. पण एक नकाशा पूर्ण झाला, की चार दिवसांनी ती तो खोडायची. खिडकी वीतभर सरकली, की सगळं घर सरकायचं. मी तिकडे शिवाजीनगरला थापा ऐकत चार तांबे ओतून घेत होते आणि ही इकडे रबरानं भिंती पुसत होती. रघूला म्हटलं की बोला काहीतरी, तर तो म्हणायचा, अक्काला सांगणारा मी कोण. या घराण्यातले पुरुष अक्कापुढे असे आपोआप लहान व्हायचे.

शेवटी भिंती उठल्या. वायरिंगचं काम शिवाजीनगरच्या बशीरभाईंकडे होतं. ते खडूनं भिंतीवर खुणा करत होते, इथे दिवा, इथे पंखा, आणि मी शाळा सुटल्यावर मुद्दाम गेले होते. बाथरूममध्ये त्यांना म्हटलं, इथे गीझरचा पॉइंट घ्या. त्यांनी खूण केली. अक्का मागून आली आणि अंगठ्यानं ती खूण पुसून टाकली. 'बेडा,' म्हणाली. नको.

मी तोवर तिला 'तुम्ही' म्हणायची. त्यांच्यात थोरल्या बहिणीला सगळे तूच म्हणतात, पण माझी जीभ वळत नव्हती. मी म्हटलं, 'अक्का, मला सकाळी गरम पाणी लागतं, तुम्हाला माहीत आहे.'

'सोलरची टाकी आहे की वर. पाणी संध्याकाळी सगळ्यात कढत असतं. संध्याकाळी आंघोळ कर.'

'आणि सकाळी पारोशी स्वयंपाक करू? देवाला पारोसा हात लावू?'

'रात्री न्हाऊन झोपलेलं माणूस पारोसं कसं गं? तापलेलं पाणी रात्रभर टाकीत निववायचं आणि सकाळी अंगावर घ्यायचं, हे कुठलं शहाणपण? मालू, तुमच्या भाषेतच लिहून ठेवलंय. ऊन पाणी. उन्हानं होतं ते ऊन पाणी. सकाळी सहाला ऊन असतं का?'

आमच्याकडे कढत पाण्याला ऊन पाणी म्हणतात हे खरं, पण भर साइटवर, चुन्याच्या ढिगाशेजारी, मला शब्दार्थ शिकायचा नव्हता. माझा तोल गेला. 'अक्का, तू हे घर माणसांसाठी बांधतेयस की सूर्यासाठी?' मी म्हणाले. मेस्त्रीला मराठी कळत नव्हतं, तरी त्याची थापी थांबली. मी तिला पहिल्यांदा अगंतुगं केलं होतं. अक्का माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'सरी. आता घरातली झालीस.' मग तिनं बशीरभाईंच्या हातातला खडू घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. पॉइंट काही मिळाला नाही.

आम्ही राहायला गेलो, आणि घर उत्तम झालं होतं, हे मला कबूल करावं लागतं. त्याचाच जास्त राग यायचा. एप्रिलमध्ये पुण्याहून माझे भाऊभावजय आले, तर पंखा न लावता दुपारी पांघरूण शोधत होते. दिवसभर दिवा लावावा लागत नसे. गल्लीत करंट गेलेला आम्हाला संध्याकाळपर्यंत कळायचा नाही. पण ते घर नुसतं राहण्याचं नव्हतं, चालवण्याचं होतं. उन्हाळ्यात सकाळी खिडक्या मिटायच्या, सूर्य कलला की उघडायच्या, झरोक्यांच्या दोऱ्या ओढायच्या, सोलरच्या काचा पुसायच्या. अक्का हे सगळं पूजेसारखं करायची आणि आमच्याकडूनही करून घ्यायची. रघू आठवडाभरात संध्याकाळी आंघोळ करू लागला. मी हटून बसले. ती टाकी तिनं ओळखीच्या कारखान्यात करून घेतली होती, भोवती काथ्या आणि भाताचं तूस भरून. विकतची आण म्हटलं तर माझ्या नकाशात हीच आहे म्हणायची. थंडीच्या दिवसांत सकाळी त्यातून बऱ्यापैकी पाणी यायचं. पण इथे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आभाळाचा भरवसा नाही. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल लावून मी त्या कोमट पाण्यात दात वाजवत बसायची आणि बाहेरून अक्का विचारायची, 'बरं आहे ना पाणी?' मी आतून तिला काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकदा संध्याकाळी जिन्यावर बसून तिनं सांगितलं, की लहानपणी पहाटे बंब पेटवायचं काम तिचं असायचं. थोरली मुलगी म्हणून. लाकडं ओली, फुंकून फुंकून धूर व्हायचा. शाळेत बाई विचारायच्या, इंदू, रडून आलीस का. 'तेव्हाच ठरवलं,' ती म्हणाली, 'माझ्या घरात पाण्यासाठी कोणी पहाटे उठायचं नाही.'

'अगं, पण मी उठतेच आहे की रोज,' मी म्हटलं. 'उठते आणि गार पाण्यानं न्हाते.'

'स्वल्प थांब. टाकीचं करते काहीतरी.'

हे 'स्वल्प थांब' मी किती ऐकलं त्याला गणती नाही. ती टाकी उघडायची, तूस बदलायची, काथ्याचा आणखी एक थर द्यायची, आणि सकाळी पाणी तेवढ्यास तेवढंच. म्हणजे मी काय मागते ते तिला कळत होतं. ते देण्याचा एक सरळ रस्ता होता, आणि तेवढाच सोडून ती बाकी सगळे रस्ते चालत होती. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? वाईट माणसाशी भांडता येतं. ही संध्याकाळी माझ्यासाठी बादली भरून दारात ठेवायची, वाफा निघणारी, आणि मी हट्टानं त्या पाण्यात धुणं भिजवायची.

तिचं दुखणं अचानक निघालं आणि भराभर वाढलं. हॉस्पिटलात मी आणि रघू आळीपाळीनं राहायचो. तिथेही तिचं घर चालूच होतं. झरोके मिटलेस का, काचा पुसल्यास का. त्या खोलीच्या बाथरूममध्ये गीझर होता. पहिल्या सकाळी मी तिथून आंघोळ करून बाहेर आले तेव्हा ती जागी होती, उशीवरून माझ्याकडे बघत होती.

'सुख लागलं?' तिनं विचारलं.

'लागलं,' मी म्हटलं. 'फार लागलं.'

ती हसली, तिला धाप लागली... मग म्हणाली, 'स्वल्प थांब.' आता कशासाठी थांबू, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तिनं डोळे मिटले होते आणि मला वाटलं, झोप लागली असेल. आमचं या विषयावर परत बोलणं झालं नाही.

दिवसपाणी झालं. पाहुणे गेले. एक दिवस रघूच म्हणाला, 'आता गीझर लावून टाकू.' इतक्या वर्षांनी, इतक्या सहज. आम्ही जाऊन गीझर आणला आणि मी बशीरभाईंना बोलावलं. ते आले, अक्काच्या फोटोपुढे क्षणभर उभे राहिले, आणि बाथरूममध्ये गेले. मी त्यांना समजावू लागले, की भिंत पोकळ विटांची आहे, वायरसाठी नवा पाइप कसा घालणार, फार फोडाफोड करू नका. मी वर्षानुवर्षं नळाखाली हात धरून ज्या भिंतीकडे बघत उभी राहायची, तिच्यावर त्यांनी हातोडीची दांडी दोनदा आपटली आणि छिन्नीनं थोडा गिलावा काढला. आत लोखंडी पेटी होती. पेटीतून वायरची दोन टोकं बाहेर आली, टेपनं नीट गुंडाळलेली.

'पहलेसेच है, मॅडम,' ते म्हणाले. 'मैंनेच डाला था. आप लोगां का वो झगडा हुआ ना, उसके दूसरेच दिन अक्का आके बोले, बशीर, पॉइंट डाल दे, ऊपर से प्लास्टर मार दे. घर में नक्को बोल.'

मी विचारलं, मग इतकी वर्षं का नाही सांगितलं. ते छिन्नी पुसत राहिले.

'बोले थे, मैं है तब तक नक्को.'

मी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. रघूला काही समजेना. गीझर अजून खोक्यात जिन्याखाली आहे आणि बाथरूमच्या भिंतीत ते चौकोनी भोक उघडंच आहे. लावायचा तर अर्ध्या तासाचं काम आहे. रोज सकाळी मी नळ सोडते, हात धरते, आभाळ असलं तर पाणी कोमट येतं, आणि समोर ती पेटी दिसते, अक्काच्या बारीक काटेकोर स्वभावाला शोभेल अशी अगदी सरळ रेषेत बसवून घेतलेली. घरातली झालीस, म्हणालीस मला. त्या एका पॉइंटसाठी मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले, अबोला धरला, सणाच्या दिवशी तुला लागेल असं बोलले, आणि तू दुसऱ्याच दिवशी हरून बसली होतीस. मग एकदा तोंडानं सांगायला काय झालं होतं, अक्का?